परक्याचे वस्त्र

एकाच्या अंगावरचे वस्त्र दुसऱ्याने घालावे का, या प्रश्नाला धर्मपरंपरांनी दोन टोकांची उत्तरे दिली आहेत. काही ठिकाणी परक्याने वापरलेले वस्त्र निषिद्ध ठरले, तर काही ठिकाणी तेच वस्त्र संताचा अवशेष किंवा गुरूचा वारसा म्हणून मस्तकी धरले गेले. वापरलेल्या कपड्यांच्या आजच्या बाजारात हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. पॅरिसला गेलेला प्रवासी तिथल्या 'व्हिंटेज' दुकानांत शिरतो आणि कुणा अनोळखी माणसाचा कोट किंवा कुणाच्या पणजीचा लिननचा झगा हौसेने विकत घेतो. असे वस्त्र घेताना नेमके काय हाती येते? कापड येते, हे उघड आहे. त्यासोबत मूळ धन्याचे काही येते का? आणि येत असेल तर ते दोष म्हणून येते, पुण्य म्हणून येते की ऋण म्हणून? पॅरिसचा बाजार समोर ठेवून या प्रश्नांचा क्रमाने विचार करता येतो, कारण स्पर्श, सक्ती, स्मृती, फॅशन आणि परिग्रह हे पाचही धागे या एका शहरात एकत्र आले आहेत.

बाजाराचा इतिहास

पॅरिसमध्ये जुने कपडे विकणे हा किमान साडेसातशे वर्षांचा धंदा आहे. फ्रान्सचा राजा नवव्या लुईच्या कारकिर्दीत, १२६८ च्या सुमारास, शहराचा मुख्य अधिकारी एतिएन ब्वालो याने तिथल्या व्यवसाय-संघांचे नियम एका ग्रंथात नोंदवून घेतले. त्यात जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांचाही संघ आहे. धंद्यात शिरताना त्यांना शपथ घ्यावी लागे. चोराकडून माल घ्यायचा नाही. ओले किंवा रक्ताचे डाग असलेले वस्त्र, ती ओल आणि ते रक्त कुठून आले हे कळल्याशिवाय घ्यायचे नाही. कुष्ठरोग्याकडून घ्यायचे नाही. धर्मसेवेतले वस्त्र रीतसर झिजून जीर्ण झाले नसेल तर तेही घ्यायचे नाही. चोरीची अट हक्काची आहे, रक्ताची अट हिंसेची, कुष्ठाची अट स्पर्शाची आणि धर्मवस्त्राची अट पावित्र्याची. जुन्या कपड्याविषयी नंतरच्या काळात जे जे विचारले गेले, त्यातले बरेचसे या चार अटींत आधीच आले आहे.

कापड हातमागावर विणले जाई तोवर ते महाग होते आणि सामान्य पॅरिसकराच्या अंगावर नवा कपडा क्वचितच चढे. धन्याचा कोट नोकराकडे जाई, तिथून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून मजुराकडे आणि शेवटी चिंधी होऊन कागदाच्या गिरणीत. एकोणिसाव्या शतकात ताँप्ल भागात या मालाचा मोठा बाजार भरत असे. १८६३ मध्ये तिथे लोखंडी मंडप उभारले गेले. त्यांतला उरलेला भाग आज सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वापरला जातो. जवळच्या मारे भागात १७७७ पासूनची सार्वजनिक गहाणपेढी आहे. गरीब घरांतले लोक तिथे कपडे, चादरी आणि गाद्या गहाण ठेवत. अशा पेढ्यांची कल्पना मुळात पंधराव्या शतकातल्या इटलीतील फ्रान्सिस्कन साधूंची होती आणि गरिबाला सावकाराच्या पाशातून सोडवणे हा तिचा हेतू होता. वापरलेल्या वस्त्राचा व्यवहार आणि धर्मभावना यांचे नाते असे जुने आहे.

१८८३ च्या नोव्हेंबरात युजेन पुबेल या प्रीफेक्टने, म्हणजे मुख्य प्रशासकाने, प्रत्येक इमारतीला कचऱ्याचा डबा सक्तीचा केला. रात्री रस्त्यावरच्या कचऱ्यातून चिंध्या, हाडे आणि भंगार वेचून जगणाऱ्या हजारोंच्या पोटावर पाय आला. शहराच्या तटबंदीबाहेर आधीपासूनच अशा अनेकांच्या वस्त्या होत्या, त्यांत आणखी भर पडली. उत्तरेच्या क्लिन्यांकूर वेशीपलीकडे सां-तुआँ इथे वेचलेला माल मांडला जाऊ लागला. तिथल्या बाजाराचे स्थापनावर्ष म्हणून १८८५ हे वर्ष धरले जाते. १९२० मध्ये व्हेर्नेझों आणि १९२५ मध्ये बिरों हे बांधीव गाळ्यांचे बाजार तिथे सुरू झाले. चिंध्या वेचणाऱ्यांनी उभा केलेला हा बाजार आता जगभरच्या प्रवाशांच्या यादीत असतो.

आजच्या पॅरिसमध्ये या धंद्याचे ढोबळमानाने तीन थर दिसतात. सां-तुआँमध्ये आणि मोजक्या खास दुकानांत नामांकित फॅशनगृहांचे जुने कपडे संग्रहाच्या मोलाने विकले जातात. मारेतल्या काही दुकानांत कपडे वजनावर मिळतात. कपड्याला अडकवलेल्या बिल्ल्याच्या रंगावरून किलोचा दर कळतो आणि गिऱ्हाईक तिथल्याच काट्यावर शर्ट किंवा जाकीट ठेवून किंमत पाहते. तिसरा थर धर्मादाय संस्थांच्या दुकानांचा. तिथे दानात आलेला माल स्वस्तात विकला जातो. म्हणजे एकाच प्रकारचा कोट कुठे नावावर विकला जातो, कुठे वजनावर आणि कुठे गरजेवर.

स्पर्श आणि शुद्धी

परक्याच्या वस्त्राला घेतला जाणारा पहिला आक्षेप अशुद्धीचा असतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे, म्हणजे विद्या पुरी करून गृहस्थाश्रमात येणाऱ्याचे नियम आहेत. दुसऱ्याने वापरलेली पादत्राणे, वस्त्र, जानवे, अलंकार, माळ आणि कमंडलू त्याने वापरू नयेत असे तिथे सांगितले आहे. पण याच ग्रंथाचा पाचवा अध्याय वस्त्रशुद्धीच्या रीती देतो. रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्याने आणि जवसाच्या धाग्याचे क्षौम पांढऱ्या मोहरीने शुद्ध होते असे तो म्हणतो. मळ धुऊन जातो हे शास्त्रकाराला ठाऊक आहे. तरीही परक्याचे वस्त्र नको असेल, तर त्या निषेधाचे कारण मळापलीकडचे असले पाहिजे.

ते कारण काय असावे, याचा शोध मानववंशशास्त्राने घेतला. जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाउ' या १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जादूटोण्याच्या विचाराचे एक सूत्र मांडले. एकदा परस्परांना लागलेल्या वस्तू दूर गेल्यावरही एकमेकींवर परिणाम करतात, असा हा समज आहे. करणी करणाऱ्याला शत्रूचे वस्त्र का हवे असते, ते यावरून कळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या 'दान' या विषयावरील निबंधात याचीच दुसरी बाजू दाखवली. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या समजुतीनुसार दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचे सत्त्व राहते आणि ते परतफेडीसाठी घेणाऱ्याच्या मागे लागते. वस्तू घेणे म्हणजे एका अर्थी देणाऱ्या माणसालाच घेणे होय. फ्रेझरच्या सूत्रात वस्तूतून धोका येतो, मोसच्या विवेचनात बांधिलकी येते.

ख्रिस्ती परंपरेने हाच स्पर्श पुण्याच्या बाजूने वळवला. येशूच्या वस्त्राच्या काठाला हात लावताच बरी झालेल्या स्त्रीची कथा शुभवर्तमानात आहे. संतांनी वापरलेली वस्त्रे अवशेष म्हणून जपण्याची प्रथा पुढे सर्वत्र रुजली. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलच्या खजिन्यात नवव्या लुईचा म्हणून पूजला जाणारा लिननचा अंगरखा आहे. हा राजा पुढे संत ठरला. १५ एप्रिल २०१९ रोजी कॅथेड्रलला आग लागली, तेव्हा येशूच्या मानल्या जाणाऱ्या काट्यांच्या मुकुटाबरोबर जीव धोक्यात घालून बाहेर काढलेल्या वस्तूंत हा अंगरखाही होता. ज्या राजाच्या काळात जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांची शपथ लिहिली गेली, त्याच राजाचे जुने वस्त्र असे अमोल झाले. अमोल या शब्दाला इथे कायद्याचाही आधार आहे, कारण कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९० क्रमांकाचा नियम पवित्र अवशेष विकायला साफ मनाई करतो.

आधुनिक माणूसही या विचारातून सुटलेला नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हिटलरने घातलेला स्वेटर घालाल का, असे विचारले. अनेकांनी नकार दिला आणि स्वेटर धुतला असला तरी चालणार नाही असे सांगितले. २०११ मध्ये जॉर्ज न्यूमन, गिल डीसेनड्रुक आणि पॉल ब्लूम यांनी उलट बाजू तपासली. आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीने घातलेला स्वेटर निर्जंतुक केला आहे असे कळल्यावर लोकांच्या लेखी त्याचे मोल उतरले. नावडत्या माणसाचा स्पर्श धुऊनही जात नाही आणि आवडत्याचा धुऊन जाईल याची भीती वाटते. ही विसंगती पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. स्पर्श कापडाच्या तंतूत असता तर दोन्ही बाबतींत पाणी आणि साबण सारखेच लागू पडले असते. तो वस्त्राविषयी जे माहीत आहे त्यात असतो. वजनकाट्यावरच्या निनावी शर्टाबद्दल कुणाला काही माहीत नसते, म्हणून तो नुसता धुऊन घालता येतो.

याचा अर्थ स्पर्श ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि विषय तिथे संपतो, असा मात्र नाही. वस्त्राविषयी जे माहीत आहे ते खरे असेल, तर त्याला वजन द्यावेच लागते. वस्त्राचा दोष त्याच्या तंतूंत शोधणे चूक आहे. तो शोधायचाच असेल, तर ते वस्त्र कुठून कुठे गेले, कुणी दिले आणि कुणी घेतले या संबंधांत शोधायला हवा.

निषेध कोणाला, सक्ती कोणावर

संबंधांकडे वळताच मनुस्मृतीतला निषेध वेगळा दिसू लागतो. चौथ्या अध्यायात स्नातकाला परक्याचे वस्त्र वर्ज्य आहे. दहाव्या अध्यायात सेवक शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असे सांगितले आहे आणि चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तेच वस्त्र एकाला निषिद्ध आणि दुसऱ्याला विहित ठरते, याचा अर्थ इथे शुद्धीच्या भाषेत समाजातली पायरी सांगितली जाते. जुने कापड हे हीनत्वाचे चिन्ह म्हणून अंगावर लादले जात होते.

महाडच्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेला पेहराव टाकून द्यायला सांगितले आणि लुगडे नेसण्याची पद्धतही बदलायला सांगितली. वस्त्र हे गुलामीचे साधन कसे होते, हे त्यांनी नेमके हेरले होते. जुने कपडे घालण्याला आज पर्यावरणाचा किंवा साधेपणाचा गौरव चिकटला आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांना जुन्याशिवाय दुसरे काही घालूच दिले गेले नाही, त्यांना हा गौरव परका वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी नवे, कोरे, स्वतःच्या पैशाने घेतलेले वस्त्र हा स्वाभिमानाचा भाग आहे आणि त्याला चंगळ म्हणणे अन्यायाचे होईल.

बुद्धाच्या संघाने हेच चिन्ह दुसऱ्या दिशेने फिरवले. भिक्षूने घेण्याच्या तेरा धुतांगांपैकी, म्हणजे कडक व्रतांपैकी, एक म्हणजे पांसुकूल, अर्थात उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून केलेले चीवर. ज्या कापडाने चांडाळाची हीनता दाखवली जात होती, तेच कापड संघात त्यागाचे लक्षण झाले. बुद्धाने स्वतःचे झिजलेले पांसुकूल चीवर आपला शिष्य महाकस्सप याला दिल्याची कथा पाली सुत्तांत येते आणि ते चीवर मिळणे हा महाकस्सपाचा मोठा सन्मान मानला जातो. चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव खराटा चालवणारे गाडगेबाबा महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यांच्या चिंध्यांना कुणी दारिद्र्य म्हटले नाही, कारण त्या त्यांनी जाणून पत्करल्या होत्या.

फ्रान्सची सर्वांत प्रसिद्ध वस्त्रकथा चौथ्या शतकातल्या संत मार्टिनची आहे. आमियाँ शहराच्या वेशीपाशी कडाक्याच्या थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसताच या तरुण सैनिकाने तलवारीने आपल्या अंगावरचा झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. रात्री स्वप्नात तोच अर्धा झगा पांघरलेला ख्रिस्त त्याला दिसला. मार्टिनने नको झालेले वस्त्र दिले नव्हते. अंगावरचे, त्या क्षणी लागणारे वस्त्र दिले होते, आणि तेही दोघांनाही ऊब मिळेल अशा बेताने.

या सगळ्या उदाहरणांवरून एक निकष हाती येतो. वापरलेले वस्त्र लादले गेले तर तो अपमान होतो आणि निवडले तर ते व्रत, प्रेम किंवा आवड होते. पॅरिसच्या बाजाराची शोकांतिकाही यातच आहे. शतकानुशतके ज्या मालाने तिथल्या गरिबांची लाज राखली, त्याला आवडीने निवडणारे श्रीमंत गिऱ्हाईक मिळाले की त्याचा भाव चढतो आणि ज्याला निवड नाही तो मागे ढकलला जातो. हौसेने खरेदी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वस्त्र आणि स्मृती

सां-तुआँच्या गाळ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लिननचे झगे घड्या घालून ठेवलेले असतात. कापड जाड असते, पण असंख्य धुण्यांनी मऊ झालेले. छातीच्या चिरेजवळ लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्याने काढलेली दोन अक्षरे दिसतात आणि कधी त्यांच्याखाली एक आकडा. ही अक्षरे मालकिणीच्या नावाची. लग्नाआधी मुली रुखवतातल्या कपड्यांवर ती स्वतः काढत, म्हणजे अनेक घरांचे कपडे एकत्र धुतले जात तेव्हा आपले ओळखू येत. आकडा तो झगा संचातला कितवा हे सांगतो. घेणाऱ्याला त्या बाईचे नाव कधीच कळणार नाही, पण तिच्या हाताचे टाके मात्र स्पष्ट दिसतात. अनामिक वस्त्रसुद्धा पूर्णपणे निनावी नसते. त्यात किमान एका माणसाचे श्रम नोंदलेले असतात.

काही स्मृती याहून कठीण असतात. जुन्या कपड्यांच्या दुकानांसाठी आज प्रसिद्ध असलेला मारे हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंचा भाग होता. त्यांच्यातले पुष्कळजण शिंपी, टोप्या करणारे आणि कातडीकाम करणारे होते. शहर जर्मन ताब्यात असताना, १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी, फ्रेंच पोलिसांनी पॅरिस आणि परिसरात सुमारे १३,००० ज्यूंना अटक केली. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. पुढे यांपैकी बहुतेकांना आउशविट्झला पाठवले गेले. त्याच वर्षी जर्मन यंत्रणेने परागंदा झालेल्या आणि पकडलेल्या ज्यूंची घरे रिकामी करण्याची मोहीम उघडली. पॅरिसमधली सुमारे ३८,००० घरे लुटली गेली. फोबूर सां-मार्तां रस्त्यावरचे लेव्हिताँ हे फर्निचरचे मोठे दुकान जुलै १९४३ ते ऑगस्ट १९४४ या काळात कामछावणी बनले होते. तिथे ज्यू कैद्यांना लुटीतली भांडी, चादरी, खेळणी यांची वर्गवारी करायला लावत. काहींना त्या ढिगांत स्वतःच्या घरच्या वस्तू सापडल्या.

या इतिहासाने पुढे फॅशनलाही गाठले. १९७१ च्या जानेवारीत फॅशन डिझायनर इव्ह सां लोराँ यांनी १९४० च्या दशकातल्या पोशाखांवर बेतलेला संग्रह सादर केला. जुन्या बाजारात घेतलेले त्या काळचे कपडे घालणारी त्यांची मैत्रीण पालोमा पिकासो ही त्यामागची प्रेरणा होती. रुंद खांदे, आखूड झगे, जाड टाचांचे बूट, भडक ओठ आणि हिरवा फरचा कोट पाहून समीक्षक संतापले. त्यांच्या मनात तो पोशाख जर्मन ताब्याच्या वर्षांशी, भुकेशी आणि शत्रूशी केलेल्या संगनमताशी जोडलेला होता. तरुणांना मात्र त्यात नुसती एक सुंदर, विसरलेली रेषा दिसली आणि ती लौकरच रस्त्यावर आली.

यात बरोबर कोण, याचा निवाडा एका बाजूने करता येत नाही. प्रत्येक जुन्या कोटातून युद्धाचा वास येणार असेल तर पुढच्या पिढीला काहीच अंगावर घालता येणार नाही. तरुणांना मिळालेली ही मोकळीक खरी आहे आणि हवीही आहे. पण मोकळीक आणि अज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताब्याच्या काळचा कोट घालणे हा गुन्हा नाही. त्या काळात त्या रस्त्यांवर काय झाले हे जाणूनच न घेणे ही मात्र उणीव आहे. तेराव्या शतकातल्या व्यापाऱ्याने रक्ताचा डाग असलेले कापड सरसकट नाकारायचे नव्हते. ते रक्त कुठून आले, एवढे त्याने विचारायचे होते.

फॅशन आणि 'अस्सल'पणा

जुने वस्त्र निवडण्यामागे बहुधा वेगळेपणाची ओढ असते. जर्मन विचारवंत गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ मध्ये फॅशनवरील निबंधात दाखवले की फॅशन दोन परस्परविरोधी गरजा एकदम भागवते. माणसाला इतरांसारखे व्हायचे असते आणि इतरांहून वेगळेही दिसायचे असते. म्हणून एखादी फॅशन सर्वत्र पसरली की ती संपते, कारण तिने द्यायचा वेगळेपणा संपलेला असतो. व्हिंटेजचे आकर्षण याच पेचातून येते. कारखान्यातला नवा शर्ट हजारोंकडे असतो, तर जुन्या बाजारातला शर्ट दुसऱ्या कुणाकडे नसण्याची शक्यता मोठी. पण सगळेच वेगळेपणा शोधायला त्याच गल्लीत गेले की वेगळेपणाचाही गणवेश होतो.

फ्रेंच कामगाराचे निळे जाकीट हे याचे बोलके उदाहरण आहे. जाड सुती कापड, समोर शिवलेले तीन खिसे, आत एक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कारखान्यांत, रेल्वेत आणि शेतांवर ते वापरले जाई. जुन्या जाकिटाची कॉलर उलटली की खाली मूळचा गडद निळा रंग दिसतो आणि खांद्यांवर तो उन्हाने व धुण्याने फिका पडलेला असतो. कोपरावर दुसऱ्याच निळ्याचे ठिगळ असते. आज या फिकेपणाला आणि ठिगळाला किंमत येते. इतकी, की काही उत्पादक नव्या कापडाला मुद्दाम झिजवतात.

पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून राहिलेले जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी मूळ कलाकृतीभोवती असणाऱ्या एका अनन्यतेच्या वलयाची कल्पना मांडली होती. वस्तू एका जागी, एका काळात अस्तित्वात असल्यामुळे तिला ते वलय लाभते आणि यांत्रिक नक्कल त्याला पुसून टाकते. निळे जाकीट मात्र मुळातच यंत्रावर, हजारोंनी शिवलेले. त्याला अनन्यता मिळाली ती एका माणसाने ते वर्षानुवर्षे अंगावर झिजवले म्हणून. इथे कष्टाने वलय निर्माण केले आहे. म्हणूनच त्या झिजेचे सौंदर्य मिरवताना ती ज्या देहाने कमावली त्याच्याविषयी आदर असणे, हा त्या सौंदर्याचा न्याय्य मोबदला ठरतो. मुद्दाम झिजवलेल्या कापडात हेच नसते. त्यात झीज दिसते, पण तिच्यामागे कुणाचेही आयुष्य नसते.

परिग्रहाचा प्रश्न

जुने घेणे म्हणजे कमी वापरणे, असा समज आज सर्वत्र आहे. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. फ्रान्सने २०२० मध्ये केलेल्या कायद्याने न विकलेला नवा माल नष्ट करण्यावर बंदी आणली. कपड्यांना ती २०२२ पासून लागू झाली. २०२३ च्या नोव्हेंबरापासून कपडे आणि पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्याला बिलात सूट मिळू लागली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात टाकाऊपणाच्या संस्कृतीवर टीका करताना वस्तू फेकण्याची सवय आणि माणसे दूर लोटण्याची सवय यांचे नाते दाखवले. वस्त्राचे आयुष्य वाढवणे हे या विचारात नैतिक कर्तव्य ठरते.

या दोन्ही गोष्टी, वस्तू आणि माणसे, एकत्र सावरण्याचा प्रयत्न एम्माउस चळवळीने केला. १९४९ मध्ये पॅरिसजवळ आबे पिएर या धर्मगुरूने ती सुरू केली. बेघर आणि एकटी पडलेली माणसे एकत्र राहतात, लोकांनी टाकलेले सामान गोळा करतात, दुरुस्त करून विकतात आणि त्यावर आपले पोट स्वतः भरतात. त्यांना दयेचे पात्र न समजता कामाचे सोबती मानले जाते. आबे पिएर अनेक दशके फ्रान्सच्या सर्वांत आदरणीय व्यक्तींपैकी एक होते. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये या चळवळीच्याच पुढाकाराने झालेल्या चौकशीतून त्यांच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराचे गंभीर आरोप पुढे आले आणि ते चळवळीनेच जाहीर केले. संस्थापकाचा दोष संस्थेच्या प्रत्येक वस्तूला लागतो का, हा स्पर्शाचाच प्रश्न इथे पुन्हा आला. पीडित स्त्रियांचे म्हणणे उघडपणे मांडणे आणि बेघरांचे काम चालू ठेवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करून चळवळीने त्याला उत्तर दिले. दोष झाकायचा नाही आणि त्याचे ओझे निरपराधांवरही टाकायचे नाही.

आता समजाची दुसरी बाजू. स्वस्त नव्या कपड्यांच्या लाटेमुळे दानात येणारे कपडे युरोपाला पेलवेनासे झाले आहेत. त्यांतले थोडेच युरोपातल्या दुकानांत विकले जातात आणि बाकीच्यांतले बरेच गठ्ठे आफ्रिकेत व आशियात जातात. गुजरातमधील कांडला इथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात अशा आयात कपड्यांची वर्गवारी होते. हरियाणातील पानिपतच्या गिरण्या जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू सुटे करून त्यांचे पुन्हा सूत काढतात आणि त्यापासून कांबळी विणतात. पॅरिसच्या काट्यावर किलोने विकला जाणारा स्वेटर आणि पानिपतच्या यंत्रात फाडला जाणारा स्वेटर एकाच ढिगातले असू शकतात. जुना कपडा पुढे कुणीतरी घेईलच, या भरवशावर नवा कपडा अधिक सहज घेतला जातो. अशा वेळी जुन्याचा बाजार नव्याच्या हव्यासाला वाट करून देतो.

अपरिग्रहाचे तत्त्व वस्तू नवी की जुनी असे विचारत नाही. ते विचारते, गरजेपेक्षा जास्त आहे का आणि तिच्यात जीव अडकला आहे का. जैन परंपरेत ममत्वालाच परिग्रह म्हटले आहे. या कसोटीवर कपाटात न घातलेले चाळीस व्हिंटेज कोट आणि चाळीस नवे कोट सारखेच ठरतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला वस्त्राची उपमा दिली आहे, त्यात वस्त्र जीर्ण होते आणि धारण करणारा टिकतो. जुन्या बाजारात क्रम उलटा दिसतो. तिथे धारण करणारा देह गेला आहे आणि वस्त्र टिकले आहे. हा उलटा क्रम उपमेला खोडून काढत नाही. तो मालकीविषयी एक साधी गोष्ट सांगतो. जी वस्तू आपल्या आधी दुसऱ्याची होती आणि आपल्यानंतर तिसऱ्याची होणार आहे, तिच्यावरचा आपला हक्क मुदतीचा आहे. अशा वस्तूचा मालक खरे पाहता तिचा विश्वस्त असतो.

निष्कर्ष

परक्याच्या वस्त्रासोबत काय येते, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. त्यासोबत पापही येत नाही आणि पुण्यही येत नाही, कारण दोन्ही माणसाच्या कर्माला चिकटतात, कापडाला नाही. अंगाचा मळ पाण्याने जातो. राहते ते ऋण, म्हणजे ज्यांनी ते विणले, शिवले, झिजवले, ज्यांच्याकडून ते हिरावले गेले किंवा ज्यांनी ते दिले, त्या सर्वांचे.

हे ऋण फेडण्याची कसोटी तीन प्रश्नांत मांडता येते. पहिला प्रश्न उगमाचा: हे वस्त्र कुठून आले आणि त्यामागचा इतिहास जाणून घेण्याची तयारी आहे का. दुसरा निवडीचा: आपल्या हौसेने कुणाची गरज महाग होत आहे का आणि ज्यांच्यावर जुने कपडे लादले गेले त्यांच्या अनुभवाचा मान राखला जात आहे का. तिसरा मापाचा: घेतलेले वस्त्र खरोखर वापरले जाईल, फाटले तर शिवले जाईल आणि नको झाल्यावर घालण्याजोग्या स्थितीत पुढे दिले जाईल का. या तिन्हींची प्रामाणिक उत्तरे देऊन घेतलेला जुना कोट सुंदर दिसावा म्हणून घालण्यात कोणताही दोष नाही. सौंदर्याची आवड आणि धर्मविचार यांचा इथे मुळात विरोध नाही. वस्तूवर मनापासून प्रेम करणारा माणूस ती जपतो आणि जपणे हेच विश्वस्ताचे पहिले काम आहे.